द्राक्ष देवाघरचं, मद्य कुणाचं?

पौष वारीत त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर, दिंडीच्या मुक्कामी झालेले निरूपण



मागच्यांनी पुढं सरकून घ्या. थंडीही कमी लागेल आणि माझा घसाही वाचेल. आषाढीला पाऊस भिजवतो, निवृत्तिनाथांच्या वारीला गारठा परीक्षा बघतो. पण तुम्ही चाललात. आणि चालताना आज दिवसभर वाटेच्या दोन्ही अंगांनी काय बघितलंत? बागा. निफाड मागं पडलं, दिंडोरीची हद्द लागली, तरी द्राक्षाच्या बागा काही संपेनात. कुठं घडांना कागद बांधलेत, कुठं मण्यांत नुकतं पाणी उतरलंय, कुठं तोडणी सुरू आहे. एक म्हातारी माउली बांधावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या ओंजळीत घड घालत होती. मी दोन मणी तोंडात टाकले. गार, गोड. म्हटलं, पांडुरंगा, ही तुझी करणी. वेलीला पाणी घातलं ते साधं विहिरीचं, आणि तिनं परत दिलं ते हे असं.

विठ्ठल विठ्ठल.

दुपारी पंगती उठल्या, आणि एक पोरगा माझ्याजवळ आला. पंचविशीतला असेल. पाया पडला आणि हळूच म्हणाला, "महाराज, एक इचारायचं व्हतं. आमच्या नानांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, दोन वर्सं झाली. मोबाइलवर आलंय का रोज रात्री एक ग्लास लाल वाईन घेतली तर हृदय चांगलं राहतं. आमचाच माल कंपनीत जातो, आमच्याच द्राक्षाची वाईन ती. पण नाना चाळीस वर्सांचे माळकरी. ते बाटलीकडं बघायचे बी नाहीत. मी म्हणतो, डाळिंबाच्या रसात थोडी थोडी घालून द्यावी. त्यांना कळणार नाही. वाईन म्हणजे काही दारू नाही ना महाराज?"

मी त्याला तिथं उत्तर दिलं नाही. म्हटलं, रात्री कीर्तनाला ये. तो आलाय. कुठं बसलाय ते मी सांगणार नाही, आणि तुम्हीही माना वळवू नका. समोर हे यंत्र ठेवलंय, यात सगळं टिपलं जातं आणि पुढं पुस्तकात छापतात. तेव्हा हे घरी बसून वाचणाऱ्या भाविका, तुझ्या घरातही कुणी असा प्रश्न मनात धरून असेल, तर तूही आता आमच्यात येऊन बस.

पोराच्या मनात पाप नाही बरं का. बापावरच्या मायेनं विचारतोय. म्हणून उत्तर नीट दिलं पाहिजे. आधी ही वाईन आली कुठून ते बघू.

पुराणात बघाल तर समुद्रमंथनातून. चौदा रत्नं निघाली, त्यात वारुणी निघाली. तिला घेतलं कुणी? भागवत म्हणतं, असुरांनी. वाल्मीकी रामायण उलटं सांगतं. तिथं ती सुरा देवांनी स्वीकारली म्हणून ते सुर झाले, आणि दैत्यांनी नाकारली म्हणून ते असुर. म्हणजे बघा, ही बाटली नेमकी कुणाची यावर एकमत तेव्हाही नव्हतं!

आता पुराण क्षणभर बाजूला ठेवा आणि मडकी बघा. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधे कॉकेशसचे डोंगर आहेत. तिथं जॉर्जिया नावाचा देश आहे. त्याच्या राजधानीच्या दक्षिणेला दोन जुन्या पांढरीच्या टेकाडांवर खणताना मातीच्या मोठ्या रांजणांची खापरं सापडली. गदाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा अशी त्या जागांची नावं. खापरं सुमारे ८००० वर्षांपूर्वीची. शास्त्रज्ञांनी त्यांच्यात मुरलेलं काय आहे ते तपासलं आणि २०१७ साली जगाला सांगितलं, की यात द्राक्षाचं टार्टारिक आम्ल आहे, इथं द्राक्षाचं मद्य साठवलेलं होतं. हे आम्ल आपल्या चिंचेतही असतं, पण त्या डोंगरात चिंच कुठली! आपल्या हाती लागलेला द्राक्षाच्या मद्याचा सगळ्यात जुना पुरावा तो हाच.

तिथून खाली इराणच्या उत्तरेकडच्या डोंगरात हाजी फिरूझ नावाची जागा आहे. तिथं सुमारे ७००० वर्षांपूर्वीचं एक घर सापडलं. घराच्या स्वयंपाकघरात, भिंतीकडेला जमिनीत बसवलेली मडकी. त्यातही द्राक्षाच्या मद्याचा अंश, आणि त्याबरोबर एका झाडाचा डिंक. डिंक कशाला, तर मद्य आंबून त्याचा शिरका होऊ नये म्हणून. बघा, आपल्या घरी माउली लोणच्यावर तेलाचा थर घालते, तशीच ती कुणी बाई सात हजार वर्षांपूर्वी तिचं मडकं राखत होती. मला तिचं मोठं नवल वाटतं.

जॉर्जियात आजही ती रीत चालू आहे. क्वेव्री म्हणतात, अंड्याच्या आकाराचा मातीचा रांजण, तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, त्यात रस, साली, बिया सगळं घालायचं आणि तोंड बंद करायचं. २०१३ साली युनेस्कोनं ती रीत जगाचा वारसा म्हणून नोंदवली. ते लोक ख्रिस्ती. त्यांच्या देशात धर्म नेणारी संत निनो, तिच्या हातात द्राक्षवेलीच्या काटक्यांचा क्रूस होता, स्वतःच्या केसांनी बांधलेला, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्या पूजेत द्राक्षाचं मद्य आहे. त्यांचा देव त्यांनी त्यांच्या रीतीनं भजावा. वारकऱ्यानं दुसऱ्याच्या देव्हाऱ्याला नाक मुरडू नये. पण त्यांच्या देव्हाऱ्यातला घोट हा आपल्या नानांचं औषध होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

तर मद्य शोधलं कुणी? तसं कुणीच नाही. द्राक्षं मडक्यात भरली, खालची चेंगरली, रस सुटला आणि चार दिवसांत तो आपोआप फसफसायला लागला. हवेत, सालीवर, भांड्याच्या भिंतीवर एक जीव असतो, डोळ्यांना न दिसणारा. त्याला किण्व म्हणा, यीस्ट म्हणा. बेकरीवाला पाव फुगवायला घालतो तोच. हा जीव साखर खातो. खाल्ल्यावर दोन गोष्टी टाकतो, एक हवा आणि एक अल्कोहोल. हवा बुडबुड्यांनी निघून जाते, अल्कोहोल रसात राहतं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या लुई पाश्चरनं हे दाखवून दिलं, की आंबणं ही जिवंत किण्वाची करणी आहे. त्याआधी हजारो वर्षं लोक नुसते पीत होते, आत कोण काम करतंय ते ठाऊक नव्हतं.

आता स्पष्ट बोलू का? रागावू नका. तो जीव खातो ती साखर, आणि टाकून देतो ते अल्कोहोल. म्हणजे जी गोष्ट त्या किड्यानंसुद्धा अंगाबाहेर टाकली, ती आपण चांदीच्या पेल्यात घेतो!

आणि पुढची गंमत अशी. तो खात जातो, टाकत जातो. रसात अल्कोहोल वाढत जातं. शंभरात बारा झालं, तेरा झालं, चौदा झालं. पंधराच्या आसपास आलं की बहुतेक किण्व मरतात. कशानं? स्वतःच केलेल्या अल्कोहोलनं. नुसतं आंबवून केलेली वाईन साधारण बारा-चौदा टक्क्यांवर थांबते. ती कुणाच्या संयमामुळं थांबत नाही बाबा. रसातली साखर संपते, नाहीतर करणारा मरतो, म्हणून थांबते.

इथं मला यादव आठवतात. द्वारकेत शाप ऐकल्यावर दवंडी फिरली होती, नगरात कुणीही मद्य करायचं नाही, केलं तर सुळावर. महाभारताच्या मौसलपर्वात आहे हे. म्हणजे द्वारकेत दारूबंदी होती! मग प्याले कुठं? प्रभासक्षेत्री. तीर्थयात्रेला गेले आणि तिथं प्याले. घरी बंदी, यात्रेला मोकळीक. हसू नका, यात्रेला जाऊन काय काय चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्याले, एक शब्द वाढला, दुसरा वाढला, हातात शस्त्र उरलं नाही तर लव्हाळ्यासारखं गवत उपटलं, त्याचं मुसळ झालं. एवढं कुळ, साक्षात भगवंत घरात, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर प्रेतं. देव समोर होता. बाहेरचा शत्रू एकही नव्हता.

विठ्ठल विठ्ठल.

कुणी म्हणेल, महाराज, ही तिकडची परदेशी गोष्ट. आपल्या संतांच्या भूमीत वाईनचा काय संबंध? तर ऐका. प्रवरेकाठी नेवासं. जिथं शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, ते नेवासं. तिथं १९५४ ते ५६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केलं. त्यात परदेशी कुंभांची खापरं निघाली, दोन कानांच्या, टोकदार बुडाच्या उंच मडक्यांची. असले कुंभ भूमध्य समुद्राकडून यायचे, मद्य आणि तेल वाहायला. माउलींच्या आधी हजार-बाराशे वर्षं ते मद्य तिथं पोचलेलं होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं समुद्रप्रवासाचं पुस्तक आहे, पेरिप्लस. त्यात भडोचच्या बंदरात इटलीचं मद्य उतरत होतं असं आहे, आणि त्याच बंदराकडं आपल्या पैठणाहून आणि तगर म्हणजे तेरहून माल जात होता असंही आहे. पैठण नाथांचं. तेर कुणाचं? बोला. गोरोबाकाकांचं!

बघा योग कसा. ज्या गावच्या बाजारात रोमचे व्यापारी मडकी मोजत होते, त्याच गावात पुढं एक कुंभार जन्मला आणि त्यानं सगळ्या संतांची मडकी तपासली. तुम्हाला गोष्ट ठाऊक आहे. संतमेळा जमला. मुक्ताईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, मडकं कच्चं का पक्कं ते कळायला. मुक्ताई म्हणाली, मग आम्हालाही थापटून बघा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. निवृत्तिनाथ गप्प, ज्ञानदेव गप्प, सोपानदेव गप्प. नामदेवाची पाळी आली, त्याला राग आला. काका म्हणाले, हे मडकं अजून कच्चं आहे.

नामदेवराय रुसले, पण पुढं विसोबा खेचरांकडं गेले आणि पक्के झाले. मला आज त्यातलं एवढंच सांगायचंय, की मडकं बाहेरून बघून कळत नाही. थापटावं लागतं. वाईनचंही तसंच. बाटली सुंदर, नाव परदेशी, चित्र द्राक्षाचं. थापटून बघू या का?

हातात पेला घ्या. मनात घ्या, हातात नको! दीडशे मिलीलीटर वाईन, साडेबारा टक्क्यांची. त्यात शुद्ध अल्कोहोल किती? सुमारे एकोणीस मिलीलीटर. वजनानं पंधरा ग्रॅमच्या आसपास. आता तीस मिलीलीटरचा व्हिस्कीचा पेग घ्या, साधारण बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांचा. त्यात तेरा मिलीलीटर, वजनानं दहा ग्रॅम. म्हणजे ज्याला 'दारू नव्हे' म्हणतो त्या एका पेल्यात दीड पेग आहे. तो पोटात गेल्यावर यकृत काही बाटलीवरची चिठ्ठी वाचत नाही. त्याला अल्कोहोल तेवढं कळतं. द्राक्षाचं, उसाच्या मळीचं, मोहाचं, सगळं एकच. त्याचं ते आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य करतं, मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. हे काम तासाला सात ते दहा ग्रॅम एवढंच होतं. बाकीचं रक्तातून फिरत राहतं, मेंदूत, हृदयात, सगळीकडं.

२०२२ च्या जानेवारीत आपल्या सरकारनं वाईन मोठ्या किराणा दुकानांत ठेवायचं ठरवलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्यातही हेच वाक्य फिरत होतं, वाईन म्हणजे दारू नव्हे. शेतकऱ्याचा माल खपावा हा हेतू असेल, मी त्यावर राजकारण बोलत नाही. शेतकऱ्याची मान अवकाळीनं आणि गारपिटीनं कशी मोडते ते मी याच तालुक्यांत डोळ्यांनी बघितलंय. ज्यानं कर्ज काढून कॅबर्ने लावलं, शिराज लावलं, त्याच्या ताटात मी माती कालवणार नाही. खायची द्राक्षं लावा, बेदाणा करा, असं इथून सांगणं सोपं आहे, हप्ता भरायचा त्याला आहे. पण माल विकणं वेगळं आणि आपल्याच मालाची जाहिरात खरी मानून बापाला पाजणं वेगळं. हलवायाच्या घरी साखरेचा रोगी असला तर तो त्याला पेढे चारतो का?

आता ते हृदयाचं. ही बातमी कुठून आली? फ्रान्समधले लोक लोणी, चीज भरपूर खातात तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, असं दिसलं. १९९१ साली अमेरिकेच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितलं, की बहुधा लाल वाईनमुळं. झालं. तिकडं लाल वाईनचा खप वाढला. पुढं लाल द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेराट्रॉल नावाचं द्रव्य आहे असं म्हणू लागले. आहे, खोटं नाही. पण एका लिटर वाईनमध्ये ते थोडे मिलिग्रॅम. प्रयोगात जेवढं देतात तेवढं वाईनमधून घ्यायचं तर शेकडो पेले लागतील. हृदय राहील का जाईल ते सोडा, माणूसच राहणार नाही.

आणि थोडी पिणारे जास्त जगतात म्हणाले, त्या हिशोबात एक मेख होती. न पिणाऱ्यांच्या रांगेत कोण कोण बसवले होते? आजारी पडले म्हणून ज्यांनी दारू सोडली, तेही त्याच रांगेत! आधीच खंगलेले. साहजिकच ते लवकर गेले आणि पिणारे धडधाकट दिसले. हे म्हणजे दवाखान्यात झोपलेल्यांशी शर्यत लावून मी पहिला आलो म्हणण्यासारखं. तेव्हा मोबाइलवर येतं ते सगळं वेद नव्हे रे बाबा.

जगाच्या आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. मद्य हे कर्करोग करणारं आहे, हे तर त्यांच्या संशोधन संस्थेनं १९८८ सालीच पहिल्या गटात, म्हणजे खात्रीच्या गटात, घातलंय. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, आणि माउलींनो, स्तन. यातही वाईनला सूट नाही. २०१९ या एका वर्षात मद्यानं जगात २६ लाख माणसं गेली असा त्यांचा हिशोब आहे.

कुणी वैद्यबुवा इथं बसले असतील तर म्हणतील, महाराज, आयुर्वेदात द्राक्षासव आहे की. आहे. त्यात आंबण्यातून आलेलं थोडं अल्कोहोलही आहे. पण ते वैद्य देतो, चमच्यानं देतो, ठरावीक दिवस देतो. आणि चरकांनी मद्याची स्तुतीही केली आहे, मी लपवणार नाही. रीतीनं घेतलं तर अमृतासारखं, भलत्या रीतीनं घेतलं तर विषासारखं, असा त्यांचा अर्थ. पण त्याच चिकित्सास्थानात मदात्ययावर अख्खा अध्याय आहे, आणि त्यात ते सांगतात, की ओजाचे दहा गुण आणि मद्याचे दहा गुण एकमेकांच्या नेमके उलट. ओज म्हणजे आपल्या शरीराचं सार. ते हृदयात राहतं असं शास्त्र म्हणतं. आता सांगा, ज्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, तिथं ओजाच्या उलटं काही घालायचं का?

पण पोरा, तुझ्या प्रश्नातली खरी गोष्ट अजून राहिलीच. तू म्हणालास, त्यांना कळणार नाही.

कचाची कथा ऐक. देवांचा गुरू बृहस्पती, त्याचा मुलगा कच. शुक्राचार्यांकडं संजीवनी विद्या शिकायला गेला. असुरांना ते खपेना. त्यांनी त्याला मारलं, तुकडे करून लांडग्यांना घातलं. शुक्राचार्यांनी विद्येच्या बळावर परत आणलं. पुन्हा मारलं, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी त्यांनी काय केलं? त्याला जाळला, त्याची राख केली, ती राख मद्यात कालवली आणि मद्य कुणाला दिलं? खुद्द गुरूला. गुरूनं प्यालं. त्यांना कळलं नाही. देवयानी रडायला लागली, कच कुठं आहे? शुक्राचार्यांनी हाक मारली आणि पोटातून आवाज आला, गुरुदेव, मी इथं आहे.

पुढं काय झालं? त्याला बाहेर काढायचा तर गुरूचं पोट फाटणार. शेवटी पोटातल्या शिष्यालाच विद्या दिली, तो पोट फाडून बाहेर आला, आणि त्यानंच गुरूला जिवंत केलं. उठल्याबरोबर शुक्राचार्यांनी मद्याला शाप दिला. महाभारताच्या आदिपर्वात ही कथा आहे. लोक कचाची चतुराई सांगतात, देवयानीचं प्रेम सांगतात. मला मात्र तो पेला दिसतो. एवढा ज्ञानी पुरुष, मेलेल्याला उठवणारा, पण विश्वासाच्या हातानं दिलेल्या पेल्यात काय आहे ते त्याला ओळखता आलं नाही.

पोरा, तुझे नाना तुझ्या हातचा रस प्यायला आधी शंका घेतील का? नाही घेणार. बस, एवढंच.

आणि नुसत्या धर्माचं बोलत नाही. नाना गोळ्या घेत असतील. हृदयाच्या माणसाला बहुधा रक्त पातळ करायची गोळी असते, रक्तदाबाची असते. मद्य रक्तदाब वाढवतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ते पोटात रक्तस्राव करू शकतं. उद्या नानांना चक्कर आली, काळी शी झाली, तर डॉक्टर विचारणार, काय घेतलं होतं? नाना छातीवर हात ठेवून सांगणार, काहीच नाही. माळकऱ्याचा शब्द, डॉक्टर विश्वास ठेवणार. आणि उपचार चुकणार. नाना खरं बोलले म्हणून.

विठ्ठल विठ्ठल. टाळ थांबवा थोडं.

आता तुम्ही म्हणाल, महाराज लोकांचं सांगतात, स्वतःचं काही नाही. तर माझीही चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहाचं काल्याचं कीर्तन होतं. मी दारूवर बोललो, तावातावानं बोललो. एक गृहस्थ उठला. चांगल्या घरचा. लग्नाकार्यात वाईनपासून सुरुवात झाली, 'ही काही दारू नाही' म्हणत, आणि दहा-बारा वर्षांत रोजचा खंबा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, महाराज, आजपासून बंद. मी आनंदानं त्याच्या गळ्यात माळ घातली. टाळ्या झाल्या. त्याची बायको रडली. मी दुसऱ्या गावी निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "महाराज, ह्यांचे हात थरथरतायत, घाम सुटलाय, आन भिंतीवरचे किडे वेचतायत. भिंतीवर काहीच नाही हो. लोक म्हणतात अंगात आलंय, भगताकडं न्या." आणि मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, नामस्मरण करा, देव परीक्षा बघतोय. हे माझे शब्द. त्यांच्या शेजारी आशाताई राहायची. ती आली, तिनं एका नजरेत ओळखलं, गाडी बोलावली आणि रुग्णालयात नेलं. वाटेत त्याला फिट आली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं.

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केलं, तर दोन-तीन दिवसांत हे होऊ शकतं. मेंदूला त्या विषाची सवय झालेली असते. ते काढून घ्यायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन, बी-वन जीवनसत्त्व देऊन. मला हे माहीत नव्हतं. माळ घालणाऱ्याला हे माहीत पाहिजे. तेव्हापासून माझा एक नेम आहे. रोज पिणारा कुणी माळ मागायला आला, तर मी विचारतो, डॉक्टरकडं जाऊन आलास का? आधी तिकडं जा, मी माळ घेऊन थांबतो. आणि बायाबापड्यांनो, घरात कुणी सोडताना थरथरायला लागला, भलतंच दिसायला लागलं, फिट आली, तर अंगारा नंतर लावा. आधी गाडी.

तो माणूस वाचला. दर वर्षी पौषात येतो. आजही आलाय, तुमच्यातच बसलाय. वीणा घेऊन उभा आहे तो नव्हे, उगाच त्याच्याकडं बघू नका!

पोरा, आता तुझं. नानांना घरी जाऊन सांग, नाना, मी असं असं करणार होतो. ते रागावतील, शिव्या देतील, दे म्हणावं. मग दोघं मिळून त्यांच्या डॉक्टरकडं जा आणि नानांच्या तोंडून त्यांना विचारू दे, हृदयाला काय चांगलं. ते चालायला सांगतील, मीठ कमी करायला सांगतील, तंबाखू असेल तर सोडायला सांगतील, गोळी न चुकवायला सांगतील. आणि उद्या पहाटे दिंडी तुमच्या बागेवरून जाणार आहे. नानांना बांधावर आणून उभं कर. मला त्यांच्या पाया पडायचंय. चाळीस वर्षं बागेत राहून एकदाही चव न घेतलेला माणूस मला बघायचाय. येताना दोन घड आण, पण साखर आहे का त्यांना ते आधी विचारून घे, नाहीतर ते दोन्ही घड मलाच खावे लागतील.

बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. निवृत्तिनाथ महाराज की जय.